खिळा नको, सुंभ हवा! वाळूवर आपटूनही न फुटणाऱ्या होड्यांचा इतिहास

हेडफोन लावलेत ना? मग आज थेट समुद्रात उडी मारू.

एक कोडं घालतो. साल समजा १७८०. तुम्ही मद्रासच्या समोर, समुद्रात नांगरलेल्या एका मोठ्या जहाजावर उभे आहात. किनारा डोळ्यांना दिसतोय, सेंट जॉर्जचा किल्ला दिसतोय, त्याच्यावरचं निशाण दिसतंय. पण बंदर नाही. धक्का नाही, खाडी नाही, आडोशाला एखादं बेटही नाही. सरळसोट वाळूचा किनारा आहे, आणि तुमच्या आणि त्या वाळूच्या मध्ये एकामागून एक फुटणाऱ्या लाटांच्या भिंती आहेत. तुम्हाला उतरायचंय. तुमच्यासोबत पेट्या आहेत, दारूच्या बाटल्या आहेत, कंपनीची कागदपत्रं आहेत. कसे जाल?

जहाजावर स्वतःची छोटी बोट असतेच. चांगली, मजबूत, ओकच्या लाकडाची, लोखंडी खिळे ठोकलेली. पण मद्रासला आलेले युरोपीय कप्तान ती बोट त्या लाटांत सहसा घालत नसत. का? कारण वाळूवर आपटून तिच्या चिंधड्या व्हायची भीती असायची. ते वाट बघायचे किनाऱ्यावरून येणाऱ्या एका वेगळ्याच होडीची. उंच बाजूंची, सपाट तळाची, ओबडधोबड दिसणारी, आणि एकही खिळा नसलेली. तिच्या फळ्या चक्क दोरीने शिवलेल्या असायच्या. इंग्रज तिला ‘मसुला बोट’ म्हणायचे.

आजचा एपिसोड या शिवलेल्या होड्यांचा आहे. आणि त्यातून मला एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवायचाय: होडी वाळूला जुळवून घ्यायची, की वाळू होडीला जुळवून घ्यायची? प्रश्न सुताराचा वाटेल. पण त्याच्या उत्तरावर आपल्या किनाऱ्यावरच्या हजारो लोकांचं पोट ठरलंय.

वाळू होडीचं काय करते?

आधी थोडं विज्ञान. घाबरू नका, दोन मिनिटांत संपवतो.

होडी पाण्यात असते तेव्हा पाणी तिला सगळीकडून सारखं उचलून धरतं. तळाच्या प्रत्येक फळीवर थोडा थोडा भार. जणू कुणीतरी तिला दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलंय. पण ज्या क्षणी ती वाळूला टेकते, त्या क्षणी ओंजळ निघून जाते. आता सगळं वजन दोन-तीन जागांवर येतं. एखादा उंचवटा, एखादा दगड, नाहीतर तळाचं मधलं लाकूड. त्यात मागून लाट येते, होडीला वीतभर उचलते आणि परत आदळते. पुन्हा उचलते, पुन्हा आदळते. भर समुद्रातल्या वादळात बसत नाहीत असले फटके किनाऱ्यापासून दहा हातांवर बसतात.

मग माणसं तिला ओढायला लागतात. वाळू म्हणजे काय, तर सॅंडपेपरच. प्रत्येक खेपेला तळाचा थर थोडा थोडा घासला जातो.

आणि वर आणून ठेवली की तिसरं संकट. ऊन! ओलं लाकूड फुगलेलं असतं, सांधे घट्ट असतात. उन्हात वाळलं की ते आक्रसतं आणि सांध्यांत फटी पडतात. अशी होडी तशीच पाण्यात लोटली तर गळायला लागलीच म्हणून समजा.

तुम्ही म्हणाल, मग कशाला ओढायची वर? राहू दे की पाण्यातच. तर तेही चालत नाही. समुद्राच्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो, शिपवर्म. नावात ‘वर्म’ आहे, दिसायला अळीसारखा आहे, पण खरं तर तो शिंपल्यांच्या कुळातला. लाकडात शिरतो आणि आतून बोगदे करत जातो. बाहेरून फळी ठणठणीत, आतून चाळण. त्याला मारायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे होडी पाण्याबाहेर काढून लाकूड नीट सुकू देणं.

म्हणजे बघा, पेच कसा आहे. वर काढावी तर आदळते, घासते, तडकते. न काढावी तर किडा खातो. जगातल्या प्रत्येक किनाऱ्यावरच्या कोळ्याला हा पेच सोडवावा लागला. आपल्याकडे तर पावसाळा आहेच. आजही महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याआधी कोकणात गावोगावी होड्या वर ओढून शाकारायची लगबग सुरू होते. खाली लाकडाचे ओंडके, वर झावळ्या किंवा हल्ली प्लास्टिक. तळ खरवडायचा, तेल पाजायचं, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून परत समुद्रात. सण आपण सगळे साजरा करतो, पण त्याच्या मागे लाकडाच्या देखभालीचं हे वेळापत्रक आहे.

दाभण, सुंभ आणि फळ्या

आता शिवलेली होडी या पेचातून कशी सुटते ते बघू.

नारळाचं सोडण घ्यायचं. ते खाडीच्या खाऱ्या पाण्यात कित्येक महिने मुरत ठेवायचं. मग बडवून त्यातला काथ्या काढायचा आणि वळायचा. तयार झाला सुंभ. हा सुंभ खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. ओला झाला की फुगतो, आणि ताण आला की थोडा लांबतो. म्हणजे दोरी आणि स्प्रिंग यांच्या मधली गोष्ट.

फळ्या एकमेकींना कडेला कड लावून ठेवायच्या. दोन्ही कडांना ओळीने भोकं पाडायची. सांध्यावर काथ्याची किंवा गवताची जाड वळकटी ठेवायची, आणि भोकांतून सुंभ ओवून त्या वळकटीसकट सांधा आवळायचा. गोधडीला टाके घालतो तसंच, फक्त इथे कापड लाकडाचं आहे. पाण्यात गेली की वळकटी फुगते आणि सांधा आणखी घट्ट होतो.

मद्रासच्या मसुला बोटीला आतून फासळ्याही नसायच्या. आपल्याला वाटेल, ही तर कच्ची बांधणी! पण थांबा. ती वाळूवर आदळली की फळ्या एकमेकींवर किंचित सरकतात, टाके ताणले जातात, सगळी होडी जराशी वाकते आणि परत जागेवर येते. फटका एका खिळ्यावर न बसता शेकडो टाक्यांत वाटला जातो.

खिळ्याचं उलट आहे. खिळा वाकत नाही. फटका बसला की लाकूड खिळ्याभोवती चिरतं. शिवाय लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं, भोवतीचं लाकूडही खराब करतं. आणि खिळा बदलायला लोहार लागतो, पैसा लागतो. टाका बदलायला सुंभ लागतो, आणि तो गावातच वळला जातो.

आपल्याकडे म्हण आहे ना, सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. ही म्हण हट्टी माणसाला टोमणा म्हणून वापरतात. पण होडी बांधणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, बाबा, त्या पिळावरच तर आमचा जीव आहे.

अर्थात फुकट काहीच नसतं. टाके झिजतात. होड्या ठरावीक काळाने उसवून परत शिवाव्या लागायच्या. वाळूवर ओढताना बाहेरचे टाके घासून तुटू नयेत म्हणून अरबी समुद्रातल्या काही मोठ्या शिवलेल्या जहाजांत फळीच्या बाहेरच्या अंगाला बारीक खोबणी कोरून टाके त्यात बसवत. म्हणजे वाळू लाकडाला लागेल, दोरीला नाही. पाण्याखालच्या भागाला चुना आणि जनावराची चरबी कालवून लेप द्यायचे. वरच्या भागाला माशाचं तेल. लेप घासला गेला की परत द्यायचा. होडी घासली जाणारच हे आधीच मान्य केलेलं. मग घासायला एक स्वस्त थर द्या, म्हणजे महागाचं लाकूड वाचेल! मोबाइलला स्क्रीनगार्ड लावतो तोच हिशोब.

एक म्हणतो भंगार, दुसरा म्हणतो झकास

या होड्यांबद्दल परदेशी प्रवाशांनी भरपूर लिहून ठेवलंय, आणि त्यांचं आपसांत अजिबात पटत नाही. मला हा भाग फार आवडतो.

तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो इराणच्या आखातात होर्मुझला आला. तिथली शिवलेली जहाजं बघून तो हबकलाच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ही जहाजं अगदी वाईट, खिळे नाहीत, नारळाच्या काथ्याने शिवलेली, डांबराऐवजी माशाचं तेल चोपडलेली. यांतून प्रवास म्हणजे जिवाशी खेळ, आणि पुष्कळशी बुडतात.

मग चौदाव्या शतकात इब्न बतूता आला. हा मोरोक्कोचा. आपल्याकडे दौलताबादला राहून गेला, गोव्यालाही गेला. आणि अरबी समुद्रात पुष्कळ फिरला. त्याने नेमकं उलट लिहिलं. म्हणे, या समुद्रात खडक खूप आहेत. खिळे मारलेलं जहाज खडकाला लागलं की फुटतं. सुंभाने शिवलेल्याला लवचीकपणा असतो, ते तगतं.

दोघांपैकी खरं कोण? माझ्या मते दोघंही. मार्को पोलो व्हेनिसचा, म्हणजे ज्या गावात सरकारी गोदी होती तिथला. त्याने भर समुद्रातल्या लांब प्रवासाचा विचार केला. तिथे शिवलेलं जहाज गळतं, सतत पाणी उपसावं लागतं. इब्न बतूताने विचार केला तो टेकण्याचा, आपटण्याचा. एकच होडी, पण परीक्षेचा पेपर वेगळा.

आणि तिसरी गंमत. खिळे का वापरत नाहीत, याची एक भन्नाट दंतकथा शेकडो वर्षं फिरत होती. समुद्रात म्हणे चुंबकाचे डोंगर आहेत, ते जहाजातले खिळे उपटून घेतात! आपल्याकडे भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथातही जहाजाच्या तळाला लोखंड वापरू नये, समुद्रातलं चुंबक ते ओढून घेईल, असा सल्ला आहे. भोज अकराव्या शतकातला. पण त्याच्या पाचशे वर्षं आधी प्रोकोपियस नावाच्या बायझंटाईन इतिहासकाराने ही कथा खोडून काढली होती. त्याचा युक्तिवाद साधा होता. तांबड्या समुद्रात रोमन जहाजंही फिरतात, त्यांत भरपूर लोखंड असतं, त्यांना कुठे काय होतं? त्याने कारण दिलं लोखंडाच्या टंचाईचं. तेही अपुरंच. आपल्याकडे लोखंड होतं, आणि उत्तम होतं. पण ज्या किनाऱ्यावर होडी रोज वाळूत ओढायची, तिथे खिळ्यापेक्षा सुंभ सोयीचा होता, एवढी साधी गोष्ट परक्या प्रवाशाच्या चटकन लक्षात येत नव्हती. व्हॉट्सअॅप नव्हतं तेव्हाही फॉरवर्ड होतेच, नाही का?

मग खिळा आला कसा?

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला. पोर्तुगीज जहाजं खिळ्यांची होती आणि त्यांवर तोफा होत्या. तोफ उडाली की जो उलटा धक्का बसतो, तो पेलायला जहाज कडक लागतं. लवचीक शिवण तिथे उपयोगाची नाही. सोळाव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या जहाजांत खिळ्यांचा वापर वाढला, आणि तोफा हे त्याचं एक महत्त्वाचं कारण अनेक अभ्यासक मानतात. समुद्रात लढायचं असेल तर खिळा पाहिजे.

पण खिळ्याचं मोठं जहाज वाळूवर ओढता येत नाही. मग पावसाळ्यात त्याचं करायचं काय? इथे मला आपलं मराठी आरमार आठवतं. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात आरमाराच्या पावसाळी छावणीबद्दल काटेकोर सूचना आहेत. समुद्र खवळायच्या दहा-पंधरा दिवस आधीच जहाजं आश्रयाला आणायची. उघड्या बंदरात ठेवायची नाहीत, किल्ल्याचं संरक्षण असेल अशाच जागी ठेवायची. रात्री पहारा ठेवायचा. आणि छावणीचा रयतेला उपद्रव होऊ द्यायचा नाही. त्याच आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडतानाही रयतेची आंब्या-फणसाची झाडं तोडू नका असं बजावलंय. म्हणजे खिळ्याच्या जहाजासोबत काय काय आलं बघा: किल्ला, पहारा, सरकारी हुकूम. जहाज मोठं झालं, तसं त्याला ठेवायला राज्य लागायला लागलं.

इंग्रजांनी मुंबईत याच्या पुढची पायरी गाठली. सुरतेहून १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर मुंबईत आले, आणि १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी तयार झाली. सुकी गोदी म्हणजे भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी जाऊ द्यायचं, दार लावायचं आणि टेकूंवर उभ्या जहाजाचा तळ कोरडा करून दुरुस्त करायचा. ओढणं नाही, आपटणं नाही, घासणं नाही. वाडियांच्या हाताखाली मुंबईत सागवानाची अशी जहाजं बांधली गेली, की १८१७ सालचं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय.

मग प्रश्न पडतो, तीच कंपनी, तेच अठरावं शतक, मुंबईला गोदी आणि मद्रासला शिवलेली होडी, असं का? उत्तर निसर्गात आहे. मुंबईला बेटांच्या आड सुरक्षित बंदर आहे, आणि मोठ्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढ-उतार करतं. गोदी भरणं-रिकामी करणं समुद्रच फुकटात करतो. मद्रासला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर, आणि समोर उघडा समुद्र. तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे कंपनीसारख्या बलाढ्य कंपनीलाही वाळूसमोर हात टेकावे लागले आणि होडीवाल्यांवर अवलंबून राहावं लागलं.

मद्रासचे तांडेल

आपण सुरुवातीला ज्या होडीची वाट बघत होतो, ती आता आली आहे. तिच्यात आठ-दहा वल्हेवाले, आणि मागे सुकाणूच्या वल्ह्यावर त्यांचा प्रमुख. इंग्रज कागदांत त्याला ‘टिंडल’ म्हटलंय. ओळखीचा वाटला ना शब्द? आपल्या कोळीवाड्यातला तांडेल तो हाच.

तांडेलचं काम लाटा मोजायचं. लाटांच्या अलीकडे होडी रोखून धरायची, मोठी लाट पुढे जाऊ द्यायची, आणि मग ओरडून, गाऊन सगळ्यांना एका तालात वल्ही मारायला लावायची. लाटेच्या पाठीवर बसून होडी वाळूवर येऊन धडकते. धडकली की किनाऱ्यावरची माणसं दोर पकडून तिला पुढच्या लाटेच्या आत वर खेचतात. सोबत बऱ्याचदा दोन-तीन ओंडके बांधून केलेला तराफा असायचा, कट्टुमरम. ‘कॅटमरान’ हा इंग्रजी शब्द याच तमिळ शब्दावरून आला. कुणी पाण्यात पडलं तर कट्टुमरमवाले उडी मारून काढायचे.

तुम्ही म्हणाल, वर्णन छान आहे, पण धोका? तो होताच. लोक बुडायचे. आणि मोठ्या जहाजांना तर बाहेर उघड्यावर नांगरून राहावं लागायचं. १७४६ च्या सप्टेंबरमध्ये फ्रेंचांनी मद्रास जिंकलं, आणि पुढच्याच महिन्यात आलेल्या वादळात त्यांच्या आरमाराची बाहेर नांगरल्या जागी वाताहत झाली. म्हणून बंदर हवं ही मागणी खोटी नव्हती. शिवलेल्या होडीच्या प्रेमात पडून मी तिला परिपूर्ण ठरवणार नाही.

१८६० च्या दशकात मद्रासला समुद्रात घुसणारा लोखंडी धक्का झाला. १८७५ मध्ये बंदराची पायाभरणी झाली. १८८१ च्या वादळाने अर्धवट बांधलेल्या भिंती मोडल्या, पुन्हा बांधल्या. हळूहळू जहाजं थेट भिंतीच्या आत यायला लागली आणि प्रवाशांना मसुला बोटीची गरज उरली नाही.

पण वाळू गप्प बसली नाही. त्या किनाऱ्यावर वाळू वर्षभरात एकूण दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. बंदराच्या भिंतीने तिला अडवलं. दक्षिणेला ती साचत गेली. आज चेन्नईचा मरीना बीच एवढा रुंद दिसतो, त्यामागे हे बंदर आहे. आणि उत्तरेला, रोयापुरमच्या बाजूला, वाळू यायची थांबली आणि समुद्र किनारा खायला लागला. तिथे कोळ्यांच्या वस्त्या होत्या. म्हणजे होडीसाठी किनारा बदलला, आणि ज्यांची होडी किनाऱ्याला जुळलेली होती, त्यांचाच किनारा गेला.

इंजिन बसवायचं कुठे?

आता आपल्या आजीआजोबांच्या काळात येऊ. स्वातंत्र्यानंतर मासेमारी आधुनिक करायचं ठरलं. १९५० च्या दशकात केरळमध्ये इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. नॉर्वेचे तज्ज्ञ, नॉर्वेचा पैसा. हेतू चांगला होता: स्थानिक कोळ्यांच्या होडीला इंजिन द्यायचं.

अडचण कुठे आली असेल? ओळखा. वाळूत! इंजिन लावलं की तळाखाली पंखा येतो. जिथे होडी वाळूवर चढते, तिथे सगळ्यात आधी तो पंखाच आपटतो. शिवाय इंजिनाच्या वजनाने ओढणं अवघड. म्हणून इंजिनच्या बोटी वेगळ्या बांधल्या गेल्या, आणि त्यांना खाडीचं तोंड किंवा बंदर लागायला लागलं. मासेमारी उघड्या किनाऱ्यावरून उठून धक्क्यावर गेली. आणि धक्क्यावर बोट ठेवायला भांडवल लागतं, डिझेल लागतं, बर्फ लागतो.

गोव्यात याचा भडका उडाला. तिथली रांपण, आणि आपल्या सिंधुदुर्गातली रापण. होडी किनाऱ्यावरून निघते, अर्धवर्तुळात जाळं सोडत परत किनाऱ्याला येते, आणि मग दोन्ही टोकं पन्नास-साठ माणसं मिळून वाळूवर ओढतात. मासळीचे वाटे पडतात. या सगळ्याची अट एकच: होडी उघड्या वाळूवरून लोटता आली पाहिजे आणि परत ओढता आली पाहिजे. गोव्यात रांपणीच्या होड्याही सुंभाने शिवलेल्या असत. मी मालवणच्या बाजूला रापण ओढताना बघितली आहे. तिथे वयस्कर बाई, शाळेतला पोरगा, सुट्टीला आलेला मुंबईकर, सगळे दोराला लागतात. धक्क्यावर असं कुणीही येऊन कामाला लागू शकत नाही.

१९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर गोव्याच्या किनाऱ्याजवळ यायला लागले. कोळंबीला परदेशात भाव होता. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं, आणि किनाऱ्याजवळचा जो मासा रांपणकारांचा, तोच उचलतं. रांपणकार रस्त्यावर उतरले. मोर्चे निघाले, उपोषणं झाली. अखेर १९८० मध्ये गोव्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात कुणी मासे धरायचे यावर बंधन घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला. अंमलबजावणीवरून भांडणं अजून संपलेली नाहीत, गोव्यात नाहीत आणि आपल्याकडेही नाहीत.

दरम्यान एक चांगली गोष्टही घडली. १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने मद्रासमधून बंगालच्या उपसागरासाठी एक मासेमारी कार्यक्रम सुरू केला. तिथल्या अभियंत्यांनी प्रश्न उलटा विचारला. इंजिनसाठी बंदर बांधण्याऐवजी, वाळूवर चढू शकेल असं इंजिन का नाही बनवायचं? त्यांनी अशी रचना केली, की इंजिन, दांडा आणि पंखा सगळं एका बिजागरीवर. तळ टेकायला आला की पंखा वर उचलला जातो. होडीचा तळ घासला जाईल हे गृहीत धरून मजबूत केलेला.

लक्षात येतंय ना? शिवणाऱ्या कारागिराला जे ठाऊक होतं, तेच इथे पुन्हा सापडलं. वाळूशी भांडू नका. फटका बसणारच आहे, तर तो कुठे आणि कसा बसेल ते तुम्ही ठरवा. आज किनाऱ्यावर ज्या फायबरच्या होड्या दिसतात, त्यांच्या बाहेर लावलेली मोटर मागे उचलता येते ती याच कारणाने. आणि तळाच्या मधोमध फायबरचे जादा थर असतात ते खोबणीतल्या टाक्यांचे वारसदार समजा.

आणि आता?

शिवलेली होडी मेली का? अगदीच नाही. १९८० मध्ये टिम सेव्हरिन या लेखकाने ओमानमध्ये ‘सोहार’ नावाचं जहाज शिवून घेतलं. लाकूड मलबारचं, शिवणारे हात लक्षद्वीपचे, आणि सुंभ किती? सुमारे ४०० मैल, म्हणजे जवळपास ६४० किलोमीटर! १९८१ मध्ये ते चीनला पोचलं. आणि आपल्या नौदलाचं ‘कौंडिण्य’ तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. गोव्यात शिवलं गेलेलं, मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात सामील झालेलं. त्याचा आराखडा कशावरून घेतला? अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून! समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, औरंगाबादच्या डोंगरात कुणीतरी जहाज रंगवून ठेवलं, आणि दीड हजार वर्षांनी ते पाण्यात उतरलं. अभिमान वाटायलाच हवा.

पण मला एक गोष्ट टोचते, ती बोलून थांबतो. शिवलेल्या जहाजाचा आपण उत्सव करतो तेव्हा ते जहाज नौदलाच्या सुरक्षित बंदरात उभं असतं. ज्या कामासाठी हे तंत्र टिकलं, म्हणजे उघड्या वाळूवर होडी घेऊन रोज उतरणं आणि चढणं, ती वाळूच आता कमी होत चालली आहे. कुठे समुद्राला अडवणारी भिंत, कुठे रिसॉर्टच्या खुर्च्या, कुठे जेटी. होडी ओढायला पाण्यापासून वरपर्यंत मोकळा उतार लागतो. ओढून ठेवायला पावसाळाभर जागा लागते. सातबाऱ्यावर त्या जागेला बऱ्याचदा कोळ्याचं नाव नसतं, कारण ती कुणा एकाची कधी नव्हतीच. सगळ्यांनी वापरायची, म्हणून ती सगळ्यांची होती.

सुंभ अजून वळता येतो. कारागीर शोधले तर सापडतील, नवे शिकवताही येतील. पण होडी ठेवायची मोकळी वाळू गेली, तर उत्तम शिवलेली होडीसुद्धा कुठे टेकवणार?

म्हणून पुढच्या वेळी कोकणात किंवा गोव्याला गेलात आणि वाळूवर झावळ्यांनी शाकारलेली होडी दिसली, तर सेल्फी जरूर काढा, पण एकदा वाकून तिचा तळ बघा. कुठे घासलाय, कुठे ठिगळ आहे, खाली कसले ओंडके आहेत. शेजारी कुणी जाळं विणत बसलेलं असेल तर विचारा, काका, ही वर कशी आणली? बहुतेक वेळा तुम्हाला या एपिसोडपेक्षा चांगलं उत्तर मिळेल. मिळालं, तर व्हॉइस नोट करून मला पाठवा. आपण ती पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवू.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!